काळ्या टी-शर्टवर पांढरं उठत नाही? प्रीट्रीटमधल्या या चुका टाळा

आठवड्यातून एक तरी फोन येतो. "दादा, व्हाइट उठंना झालंय, हेड गेलं काय?" मी विचारतो, प्रीट्रीट, म्हणजे छपाईआधी शर्टावर मारायचं लिक्विड, किती मारलं? "मारलंय की, चांगलं भिजवलंय." वाळवलं किती? मग समोरचा गप्प. हेड, म्हणजे मशीनचा शाई सोडणारा भाग, बहुतेक वेळा ठणठणीत असतं. खरा घोटाळा शर्ट मशीनवर चढायच्या आधीच झालेला असतो.

डीटीजीची, म्हणजे थेट कपड्यावर छापणाऱ्या मशीनची, शाई पाण्यावरची आणि कॉटन म्हणजे पाणी पिणारं कापड. नुसत्या काळ्या कॉटनवर पांढरं मारलं की ते धाग्यात जिरतं आणि वर राखाडी डाग उरतो. प्रीट्रीटमधले क्षार शाईला जागच्या जागी गोठवतात, दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं. सोबतचा बाइंडर तिला धाग्याला धरून ठेवतो. एवढं डोक्यात बसलं तर पुढच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

ओला शर्ट वाळला असं समजणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडली. गणपतीला चार दिवस राहिले होते, पावसानं उघडीप दिली नव्हती, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली होता. एका तालमीची ८० काळ्या टी-शर्टांची ऑर्डर, छातीवर मोठं पांढरं नाव. रात्री आम्ही सगळ्यांना प्रीट्रीट मारलं. वेळ वाचवायचा म्हणून हीट प्रेस (गरम पाट्यानं दाबायचं यंत्र) १५-१५ सेकंद दाबला आणि शर्ट एकावर एक रचून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून दिले. सकाळी तसेच मशीनवर चढवले. प्रिंट टेबलावर तरी चांगली दिसत होती. पांढरं थोडं दाणेदार वाटलं, पण घाईत तिकडे दुर्लक्ष केलं.

तिसऱ्या दिवशी दोन पोरं शर्ट घेऊन दारात. "दादा, बघा की हे. आईनं एकदाच धुतला, पांढरं निम्मं उडालं." मी नखानं घासलं तर अक्षराची कड पापुद्र्यासारखी सुटून आली. सगळे ८० शर्ट पदरचे पैसे घालून नव्यानं करून दिले, दोन रात्री जागून. मिरवणुकीत पोरांच्या अंगावर नवे शर्ट होते, पण त्या तालमीचं काम मला पुढची दोन वर्षं मिळालं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

झालं असं होतं की १५ सेकंदात वरचा पापुद्रा वाळला आणि आतली ओल तशीच राहिली. त्यात या क्षारांना हवेतली ओल ओढायची सवय. कोल्हापूरच्या श्रावणात रात्रभर उघडा ठेवलेला प्रीट्रीट केलेला शर्ट सकाळी परत दमट होतो. अशा शर्टावर शाई नीट गोठत नाही. शिवाय शेवटी शाई पक्की करताना प्रेसची गरमी पाणी उडवण्यातच जाते आणि शाई कच्ची राहते.

आता माझी सवय अशी आहे. प्रेस १६५ अंशावर. आधी पाटा शर्टाच्या जरा वर अधांतरी धरतो, वाफ निघून जाऊ देतो. मग सिलिकॉन पेपर ठेवून ३५-४० सेकंद दाबतो, उचलतो, वाफ दिसली तर पुन्हा दाबतो. शेवटी स्टीलची थंड ताटली गरम शर्टावर पालथी घालतो. ताटलीला आतून घाम धरला तर शर्ट अजून ओला आहे. पावसाळ्यात तयार शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतो आणि प्रिंटच्या आधी पुन्हा दहा सेकंद प्रेस मारतो. नवीन पोरांना हे सगळं वेळखाऊ वाटतं. त्यांना मी त्या ८० शर्टांचा हिशोब सांगतो.

अंदाजपंचे लिक्विड मारणं

"चांगलं भिजवलंय" हे वाक्य ऐकलं की मला धास्तीच वाटते. लिक्विड कमी पडलं तर पांढरं फिकं येतं. जास्त झालं तर कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं, आंबूस वास मारतं, चौकोनी डाग उठतो आणि शाई धाग्याऐवजी त्या थरावर बसते, म्हणजे धुण्यात थरासकट निघते. गुजरीत सराफ काट्याशिवाय सोन्याला हात लावत नाही. आपणही लिक्विड तसंच तोलून मारावं. साधा डिजिटल काटा घ्या, शर्ट आधी तोला, मारल्यावर परत तोला. चौदा बाय सोळा इंचाच्या भागाला, काळ्या कॉटनवर, माझ्याकडे २० ते २५ ग्रॅम लागतात. तुमच्या बाटलीवर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. हात बसला तरी दर दहा शर्टांमागे एक तोला, कारण संध्याकाळपर्यंत हातही थकतो आणि फवारणीची गनही चोंदते.

गन चोंदली की फवारा पट्ट्यापट्ट्यांनी पडतो आणि पांढऱ्यातही तसेच पट्टे येतात. सकाळी काळ्या कार्डबोर्डवर एक फवारा मारून बघा, रात्री कोमट पाण्यानं गन धुवा. प्रेसवर उडालेलं लिक्विडही लगेच पुसा, क्षारानं लोखंड गंजतं.

मशीनशेजारी फवारणी कधीच करू नका. हे लिक्विड शाई गोठवायलाच बनवलंय. त्याचा तुषार हेडवर बसला की शाई नोझलमध्येच गोठते, आणि हेड खरंच गेलं तर त्याचं बिल बघवत नाही. जागा नसेल तर फवारणी मागच्या पडवीत करा.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दाट लिक्विड, पातळ करायला बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मिश्रणाचं गणित बिघडवतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घ्या. बाटली वापरायच्या आधी हळू हलवा, घुसळून फेस काढू नका.

काळ्यासाठीचं लिक्विड पांढऱ्या किंवा फिक्या शर्टावर मारलं तर प्रेसखाली पिवळट चौकोन पडतो. फिक्यासाठी वेगळं लिक्विड येतं, ते घ्या. पॉलिस्टर जर्सीला कॉटनचं लिक्विड चालत नाही. गरमीनं कापडाचा रंग सुटून पांढऱ्यात चढतो, लाल जर्सीवरचं पांढरं गुलाबी पडतं. फुटबॉलचा सीझन लागला की हे दरवर्षी बघतो.

लिक्विड मारण्याआधीही कोरा शर्ट पाच-सात सेकंद दाबा. त्यानं ओल निघते आणि लव बसते. लव उभी राहिली तर पांढऱ्यातून काळे केस डोकावतात.

तिरुपूरहून येणाऱ्या काही मालावर मऊपणासाठी सॉफ्टनर जास्त असतो, त्यावर लिक्विड थेंबाथेंबानं तरंगतं. हाताला लोण्यासारखा लागला म्हणून शर्ट प्रिंटला चांगला असं समजू नका. नवीन लॉट आला की पाण्याचा एक थेंब टाकून बघा. जिरायला वेळ लागला तर तो लॉट मी परत पाठवतो. आणि जो लॉट ठेवून घेतो, त्यातला एक शर्ट प्रिंट करून घरच्या धुण्यात टाकतो. पाच वेळा धुऊन झाल्यावरच मोठ्या ऑर्डरचा ॲडव्हान्स घेतो.