फिलिपाइन्समध्ये जेवायचं तर आंबट चवीच्या मागे जावं

फिलिपाइन्सला जाऊन आलेली बरीच मराठी मंडळी मला सांगतात, "समुद्र छान, माणसं छान, जेवण मात्र गोडमिट्ट." खोदून विचारलं की कळतं, निम्मे दिवस मनिलाच्या मॉलमध्ये गेले आणि निम्मे बोराकायच्या रिसॉर्टवर. तिथे गोडसर स्पॅगेटी आणि तळलेलं चिकनच समोर येणार. या देशात साडेसात हजारांहून जास्त बेटं आहेत आणि जेवण गावागणिक बदलतं. ते खायचं तर त्या त्या गावच्या बाजारातच जायला हवं.

माझी नोकरी जहाजाच्या इंजिन रूममध्ये झाली. बरोबरचे खलाशी बहुतेक फिलिपिनो. जहाजावरच्या चीफ कुकला ते 'मायोर' म्हणतात. आमचा एक मायोर इलोइलोचा होता आणि त्याच्या हातच्या रश्शाने मला त्या देशाची ओढ लावली. पुढे सुट्टीत, आणि निवृत्तीनंतर सौ.ला घेऊन, मी तिकडची गावं फिरलो. मी देवगडचा. कोकम, चिंच, कैरी, बिंबलं यांच्याशिवाय आमच्याकडे कालवण होत नाही. म्हणून माझ्या लक्षात आलं ते हे, की तिथे प्रत्येक प्रांताचं आंबट वेगळं आहे. उत्तरेला उसाचा शिरका, मधल्या बेटांवर माडाच्या ताडीचा शिरका, इलोइलोकडे बातुआन नावाचं फळ, पांपांगात पेरू, मनिलाच्या आसपास चिंच आणि कामियास. कामियास म्हणजे आपलं बिंबलंच. गावात पोहोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा: इथे रश्शाला आंबट कशाचं घालतात? उत्तरात जो पदार्थ येईल तो मागवायचा.

आधी खाणावळीची रीत

साध्या खाणावळीला 'कारिंदेर्‍या' म्हणतात. काउंटरवर पातेली मांडलेली असतात. झाकण उचलून बघायचं, हवं त्यावर बोट दाखवायचं, मग भात सांगायचा. झाकण उचलल्याचा कोणाला राग येत नाही, रीतच तशी आहे. दोघांना मिळून चार प्रकार चाखायचे असतील तर अर्धी ऑर्डर मागा, बहुतेक ठिकाणी देतात. सकाळी अकरा ते साडेअकरा ही उत्तम वेळ. पातेली भरलेली आणि गरम असतात. दोननंतर तळाशी राहिलेलं मिळतं. भात आणि एक कालवण साधारण १०० ते १५० पेसोंत होतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

वाढणाऱ्या बाईंना मनिलाकडे 'आते' म्हणा, इलोइलोत 'मनांग'. दोन्हीचा अर्थ ताई. पुरुषाला 'कुया' किंवा 'मनोंग'. एवढ्याने वाढण्याचा हात बदलतो, हे मी शंभर टक्के अनुभवाने सांगतो.

आता शाकाहाराबद्दल स्पष्ट बोलतो, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असेल असं धरून चालू नका. वांगी-भेंडी-कारल्याच्या पिनाकबेतमध्ये बागोओंग म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची किंवा मासळीची पेस्ट असते. रश्शात पातिस, म्हणजे मासळीचं पाणी. मुगाच्या 'मोंगो'तही बरेचदा डुकराचं मांस किंवा सुकी मासळी पडते. सौ. डुक्कर आणि बीफ दोन्ही खात नाही. ती एक वाक्य पाठ करून ठेवते: "हिंदी पो आको कुमाकाइन नांग बाबोय आत बाका." मी डुक्कर आणि गाय खात नाही. मासे-कोंबडी चालत असेल तर या एका वाक्यावर अख्खा देश फिरता येतो. कडक शाकाहारी असाल तर बाजारातल्या मिठाया, केळीच्या पानातला चिकट तांदळाचा सुमान, सकाळी खांद्यावर डबे घेऊन फिरणाऱ्याकडचा ताहो (मऊ टोफू, वर गोड पाक) आणि फळं यांवर दिवस निघतो. जेवणासाठी मात्र मनिलाच्या बिनोंदोसारख्या चिनी वस्तीतली बौद्ध शाकाहारी हॉटेलं शोधावी लागतील.

इलोइलो: इथे जास्त दिवस काढा

एकाच शहरात जाता येणार असेल तर इलोइलोला जा. २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं. फिलिपाइन्समधलं ते पहिलंच. मनिलाहून विमानाने सव्वा तास.

इथला पदार्थ म्हणजे केबीएल: कादयोस, बाबोय, लांगका. कादयोस म्हणजे तूर, लांगका म्हणजे फणस आणि बाबोय म्हणजे डुक्कर. डुकराऐवजी कोंबडी घातली की केएमएल, कारण कोंबडी म्हणजे मानोक. तुरीचे दाणे काळपट, त्यामुळे रस्सा जांभळट करडा होतो. फणस कोवळा, हिरवा. आणि आंबटाला बातुआन. हे फळ आपल्या कोकमाचंच भाऊबंद, गार्सिनिया कुळातलं, हिरवट पिवळं आणि लिंबाएवढं. मायोर ते अख्खं रश्शात सोडायचा, मऊ झालं की पळीने पातेल्याच्या कडेला दाबायचा आणि गर सुटला की बी काढून टाकायचा. कोकमाचा आंबटपणा जिभेच्या कडेला धरतो, बातुआनचा गोलसर आणि शांत असतो. तूर, कोवळा फणस, वर कोकमाच्या चुलत भावाचं आंबट: कोकणातल्या माणसाला हा रस्सा परका वाटणं शक्यच नाही. शहरातल्या कुठल्याही चांगल्या कारिंदेर्‍यात दुपारी विचारा. बाजारात बातुआनचे वाटे मांडलेले असतात, ते हातात घेऊन वास घ्या.

सकाळ मात्र ला पाझ बाजाराकडे काढायची. ला पाझ बाचोय हे नूडल्सचं वाडगं याच भागात जन्माला आलं. नेतोंग्स, डेकोज आणि टेड्स ही त्याची जुनी नावं. कोणतं श्रेष्ठ यावर तिथली माणसं हिरिरीने भांडतात. माझं मत नेतोंग्सकडे झुकतं. वाडग्यात पिवळे मिकी नूडल्स, डुकराचं मांस, काळीज, आतडी. त्यावर हाडांचा कढत रस्सा, ज्यात गिनामोस नावाच्या कोळंबीच्या पेस्टचा खारटपणा असतो. वर कुस्करलेला चिचारोन म्हणजे डुकराची तळलेली कातडी, तळलेला लसूण, कांद्याची पात. चिचारोन कुरकुरीत आहे तोवर पहिले घास घ्या, मग ढवळा. रस्सा संपला तर पुन्हा मागा, बऱ्याच ठिकाणी वरचा रस्सा फुकट देतात. सोबत पांदेसाल हा मऊ पाव बुडवायला. डुक्कर न खाणाऱ्यांनी हे सोडून द्यावं, कारण यातलं डुक्कर काढलं तर मागे काही उरत नाही. त्यांनी बाजारातल्याच माज कॅफेत कॉफी प्यावी आणि संध्याकाळी विला अरेवालोच्या किनाऱ्यावर तातोय्ज मानोकानमध्ये गावठी कोंबडी खावी. अख्खी भाजलेली, पोटात गवती चहा. हातानेच तोडायची.

टेबलावर मिरच्या, लसूण, आलं आणि मिरीदाणे घातलेली शिरक्याची बाटली दिसेल. तो सिनामाक. भाजलेल्या मासळीवर तो घाला, थेंब थेंब नाही, सढळ हाताने.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर समोरच्या गिमारास बेटावर जा. इलोइलोच्या धक्क्यावरून बोटीने जेमतेम पाव तास. तिथल्या आंब्याची ख्याती देशभर आहे आणि किडीच्या भीतीने बाहेरचा आंबा बेटावर नेऊच देत नाहीत. मी हापूसच्या गावचा माणूस आहे आणि तरी सांगतो, तो आंबा झाडाजवळ बसून खाण्याच्या लायकीचा आहे. सुवास हापूसला जास्त, पण गिमारासच्या गरात धागा जवळजवळ नसतो.

बाकोलोद आणि सेबू

इलोइलोहून बाकोलोदला बोट जाते, तासा-दीड तासाचा प्रवास. तिथे चिकन इनासाल. कोंबडी माडाचा शिरका, कालामान्सी (तिथलं छोटं लिंबू), गवती चहा, आलं-लसणात मुरवायची आणि निखाऱ्यावर भाजताना वरून आत्सुएते नावाच्या रंगाच्या बियांचं केशरी तेल लावत राहायचं. भागाच्या नावाने मागवतात: पा म्हणजे तंगडी, पेचो म्हणजे छातीचा तुकडा. तंगडीच मागवा, पेचो कोरडा पडतो. तेच केशरी तेल भातावर ओतून घ्यायचं. परत येताना पियाया घ्या. आत मस्कोवाडो म्हणजे कच्ची तपकिरी साखर भरलेली, तव्यावर भाजलेली ही चपटी पोळी गुळपोळीसारखीच लागते आणि कडक शाकाहारी मित्रांना द्यायला बरी. फक्त आत चरबी कोणती आहे ते पाकिटावर वाचा.

सेबूत सगळे लेचोनसाठी जातात, म्हणजे आत गवती चहा भरून भाजलेलं अख्खं डुक्कर. कारकार गावच्या बाजारात ते वजनावर तोडून देतात, सोबत माडाच्या पात्यांच्या चौकोनी पुडीत शिजवलेला भात, 'पुसो'. खाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं, कातडी कुरकुरीत असताना. पण माझं सेबू वेगळं आहे. माक्तान बेटावर, मॅजेलनशी लढलेल्या सरदार लापू-लापूच्या स्मारकाजवळ 'सुतुकिल'ची दुकानं आहेत. मासा तुम्ही निवडायचा, वजन करायचं, भाव ठरवायचा आणि मग सांगायचं: अर्धा सुगबा म्हणजे निखाऱ्यावर, डोकं-शेपटी तुवा म्हणजे पातळ रश्शात, उरलेला किनिलाव. किनिलाव म्हणजे कच्चा मासा शिरका, आलं, कांदा, मिरचीत. शिरका लागला की काही मिनिटांत मासा बाहेरून पांढरा होतो. तेव्हाच खायचा, थांबायचं नाही. हा शिरका माडाच्या ताडीचा, गोव्यात वापरतात तसाच. भाव आधी ठरवा, शिजवण्याचे पैसे वेगळे आहेत का तेही विचारा. किनिलाव दुपारीच खा आणि मासा समोर कापताना बघा. रात्री उशिरा नको.

उत्तर आणि दक्षिण

विगान मनिलापासून बसने आठ-नऊ तासांवर आहे. रात्रीची बस घ्या. १९९९ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे, पण मी जातो तो प्लाझा बुर्गोसजवळच्या एम्पानादाच्या गाड्यांसाठी. बाई तांदळाच्या पिठाचा गोळा पातळ लाटते, त्यावर किसलेली कच्ची पपई, मध्ये अंडं फोडून, लसणाचा वास मारणारं लोंगानिसा सॉसेज. पीठ दुमडायचं, कडेला ताटलीची धार फिरवून जादाचं कापायचं आणि कढईत सोडायचं. नुसतं अंडं-पपई घालून मागवता येतं, तेल मात्र एकच असतं. बाताकला गेलात तर तिथल्या एम्पानादात मूगही असतात आणि कव्हर जास्त केशरी. सोबत उसाचा गडद शिरका, कांदा घातलेला. हाच शिरका इथल्या 'बर्नाय' नावाच्या मातीच्या रांजणांत मुरतो. रांजण बनवणारे कुंभार विगानमध्येच काम करताना बघायला मिळतात. पोकी-पोकी नक्की मागवा: भाजलेलं वांगं, टोमॅटो, कांदा आणि अंडं.

मनिलाच्या आग्नेयेकडच्या बिकोल भागात आंबट मागे पडतं, नारळ आणि मिरची पुढे येतात. लेगास्पीजवळच्या कामालिग गावी पिनांगात खा: अळूच्या पानांच्या पुड्या नारळाच्या दुधात मंद शिजवलेल्या. लाइंग हीच वस्तू सुकवलेल्या अळूची. पातेलं ढवळू नये नाहीतर घसा खाजतो, असं तिथल्या बायका सांगतात. अळूचं फदफदं करणाऱ्या आपल्या बायकांशी त्यांचं या विषयावर तासभर जमेल. डुक्कर किंवा कोळंबी आहे का, ते विचारून घ्या.

दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या मुस्लिम प्रांतांचं जेवण मला फार आवडतं: भाजून काळं केलेल्या खोबऱ्याचा तियुला इतुम, हळद-नारळातली पियापारान कोंबडी, केळीच्या पानातला पास्तिल भात. यात डुक्कर नाही, पण तियुला इतुम सहसा बीफचा असतो. पश्चिम मिंदानाओ आणि सुलूकडे जाण्याआधी सरकारी सुरक्षा-सूचना जरूर वाचा. जायचं नसेल तर मनिलाच्या कियापोमध्ये सोनेरी घुमटाच्या मशिदीभोवती छोट्या खाणावळी आहेत, पास्तिल तिथे सकाळपासून मिळतो.

पांपांगा मनिलाहून दोन तासांवर. तिथल्या आंगेलेस शहरात सिसिग, म्हणजे डुकराच्या डोक्याचं बारीक चिरून परतलेलं मांस, आलिंग लुसिंगच्या रुळांजवळच्या दुकानात. आणि पेरूच्या आंबट रश्शातला बुलांगलांग कुठे मिळाला तर सोडू नका.

जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. जाण्याआधी नियम एकदा तपासा. एवढ्या दिवसांत सगळं गाठायला जाऊ नका. मनिलात कियापोची एक सकाळ, मग इलोइलोत चार-पाच रात्री, बोटीने बाकोलोद, तिथून सेबू आणि सेबूहून परत. विगान किंवा बिकोल यांपैकी एकच जोडा. परतीच्या सामानात सिनामाकची बाटली ठेवणार असाल तर झाकणाला चिकटपट्टी लावा, दोन पिशव्यांत गुंडाळा आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेतली विमानतळावर काढून घेतात.