गाडीवरचा जनरेटर किती मोठा घ्यावा?
जुन्या गाडीत मोटर-बॅटरी बसवून सोबत जनरेटर ठेवायचा बेत असेल, तर आधी हिशेब मांडा. छोटी इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला साधारण 100 वॅट-तास खाते; ताशी 50च्या वेगाने तासाला 5 युनिट (1 युनिट म्हणजे 1000 वॅट-तास). 2 केव्हीएचा जनरेटर चार्जरमधली घट वजा जाता तासाला जेमतेम 1.4 युनिट देतो, म्हणजे चौदाएक किलोमीटर. बस्स! चढावरचा जोर बॅटरीच देते, त्यामुळे जनरेटर सरासरी खपाएवढा पुरे, मोटरच्या कमाल ताकदीएवढा नको. तो डिकीत मात्र चालवू नका; त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. आणि आरटीओ? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असे परस्पर बदल चालत नाहीत, तेव्हा प्रयोग खासगी आवारातच.