डायमंड लीगची फायनल पाहायची तर वही-पेन घेऊन बसा

मी साताऱ्यात शाळकरी मुलामुलींना भालाफेक शिकवते. डायमंड लीग म्हणजे वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धांची हंगामभर चालणारी मालिका. तिची फायनल जवळ आली की "मॅडम, नीरज जिंकणार का?" एवढंच मुलं विचारतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहितेय.

आधी गुणांचं गणित. हंगामातल्या प्रत्येक मीटमध्ये, म्हणजे मालिकेतल्या एकेका स्पर्धेत, पहिल्या आठ जणांना 8, 7, 6 असे उतरत्या क्रमाने गुण मिळतात. भालाफेकीत गुणतक्त्यातले पहिले सहा फायनलला जातात. पण 2017 पासून हे गुण फायनलच्या दारापर्यंतच कामाचे. आत गेल्यावर सगळे सारखे, त्या दिवशी जो जिंकेल तोच वर्षाचा विजेता. म्हणून तक्ता पाहाच, पण माघार कोण घेतंय तेही पाहा. 2024 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, अविनाश साबळे फक्त 3 गुणांसह चौदावा होता. वरच्या चौघांनी माघार घेतली आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा गडी ब्रुसेल्सच्या फायनलला उतरला. 8:17.09 वेळ देऊन तो नववा आला. आकडा नुसता वाचला तर साधा वाटतो, पण जगातल्या मोजक्या दहा धावपटूंत त्याला जागा मिळाली होती.

स्टीपलचेस बघताना नजर पाण्याच्या खड्ड्यावर ठेवा. शर्यतीत तो सात वेळा येतो. अडथळ्याजवळ पाणी खोल असतं, पुढे उथळ होत जातं. दमलेल्या धावपटूची उडी खोल भागातच पडते, कधी दोन्ही पाय पाण्यात जातात आणि लय तुटते. शेवटच्या दोन फेऱ्यांत कोण मागे पडणार, ते तिथेच कळतं.

आता वेळ. झुरिक किंवा ब्रुसेल्सच्या उन्हाळी वेळेपेक्षा आपण साडेतीन तास पुढे. 2024 ची भालाफेक तिकडे 14 सप्टेंबरच्या रात्री होती, आपल्याकडे 15 तारखेचे पावणेदोन वाजून गेले होते. तारीख नीट बघा आणि दुपारी थोडं झोपून घ्या.

भालाफेकीसाठी वहीत प्रत्येक खेळाडूपुढे सहा रकाने आखा आणि मोबाइलवर निकालाचं पान उघडं ठेवा. टीव्हीवर कॅमेरा सारखा धावण्याच्या शर्यतींकडे जातो आणि मधल्या फेकी दाखवायच्या राहून जातात. मला याचा फार राग येतो, कारण खरी गोष्ट त्या रकान्यांतच असते. ब्रुसेल्सला अँडरसन पीटर्सने पहिल्याच फेकीत 87.87 मीटर टाकले, नीरजची तिसरी फेक 87.86. एका सेंटीमीटरने विजेतेपद गेलं. डाव्या हाताचं हाड मोडलेलं असताना आपण खेळलो, हे नीरजने नंतर सांगितलं. भाला तर तो उजव्या हाताने फेकतो, मग डाव्याचं काय, असं मुलं विचारतात. फेकीच्या क्षणी डावा हात छातीशी ओढून ती बाजू घट्ट धरावी लागते, तेव्हाच उजवा खांदा जोरात पुढे येतो. जमिनीवरून उठतानासुद्धा तो हात टेकवावा लागतो.

2025 ला झुरिकमध्ये युलियन वेबरने दुसऱ्या फेकीत 91.51 टाकून निकाल जवळपास लावूनच टाकला. तरी वही मिटायची नाही. नीरजचे लागोपाठ तीन फाउल झाले, तो तिसऱ्या जागेवर होता आणि सहाव्या फेकीत 85.01 टाकून त्याने केशॉर्न वॉलकॉटला मागे टाकलं. वॉलकॉटचे 84.95 होते. पहिल्या जागेची आशा संपल्यावरही शेवटची फेक जीव तोडून कशी टाकायची, हे माझ्या मुलांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी तीच फेक यूट्यूबवर पाव वेगाने लावा. भाल्याकडे बघू नका, शेवटच्या पावलाच्या डाव्या पायाकडे बघा. टाच टेकल्यावर गुडघा सरळ राहतो की वाकतो, ते प्रत्येक फेकीपुढे वहीत लिहा. मग मीटर आणि गुडघा शेजारी-शेजारी ठेवून मुलांशी बोला.