बाल्कनीत खत करायचंय? आधी सुका पाला जमवा

कंपोस्टला वास येतो म्हणून बरेच जण पंधरा दिवसांत सोडून देतात, पण वास येतो तो बहुतेक वेळा ओलं जास्त नि सुकं कमी पडल्यामुळे. म्हणून बादली आणायच्या आधी सोसायटीत झाडून काढलेला पाला गोणीभर भरून ठेवा, फुकट मिळतो, झाडूवाल्या मावशी उलट खूशच होतात.

मग वीस लिटरची जुनी बादली किंवा पेंटचा धुतलेला डबा, तळाला नि बाजूंना भोकं पाडायची, खाली ताटली. तळाला नारळाच्या शेंड्या चार बोटं, त्यावर रोजचा ओला कचरा बारीक चिरून आणि प्रत्येक वेळी एक वाटी कचऱ्याला दोन वाट्या पाला. चहाचा चोथा धुवून टाका, नाहीतर साखरेला मुंग्या लागतात. उरलेली भाजी-आमटी, मासे-मटण सुरुवातीला नकोच. विरजण म्हणून थोडं आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत पुरतं, महागडी पावडर घ्यायची काही गरज नाही.

ओल बघायची तर मूठभर घेऊन दाबा, गोळा झाला पण पाणी टपकलं नाही म्हणजे बरोबर. टपकलं तर अजून पाला टाका आणि खालीवर करा, तसंही आठवड्यातून दोनदा हलवायचंच असतं. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात, झाडाला काही करत नाहीत. पावसाळ्यात मात्र झाकण हवंच.

भरल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत होतं, ते चाळून कुंडीत.