खाडीत पंचवीस तास: बोटीवर राहून पाण्याचे नमुने कसे घ्यावेत

दिवाळे कोळीवाड्यात माझं घर. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आणि मी सागरी प्राणिशास्त्रात एमेस्सी केलेली. त्यामुळे दर हिवाळ्यात कॉलेजची चार-पाच मुलं आमच्या बोटीवर ठाणे खाडीत मुक्कामाला असतात. त्यांना निघण्याआधी जे सांगते, तेच इथे लिहिते.

मुक्काम चोवीस नव्हे, पंचवीस तासांचा धरा. एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. अशा दोन फेऱ्या पुऱ्या पकडायच्या तर दुसऱ्या दिवशी तासभर जास्त थांबावंच लागतं.

दिवस तिथीवरून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहाच्या सुमारास. मुंबई बंदराचं छापील वेळापत्रक जवळ ठेवाच, मात्र खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. पहिल्यांदा येणाऱ्यांनी अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, धरावा, पाण्याला ओढ कमी असते. पण मग तीच जागा उधाणालाही, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीलाही करा. रात्रभर सगळे जीव श्वास घेतात आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, ऑक्सिजन तयार करत नाहीत, म्हणून पहाटे पाण्यातला ऑक्सिजन उतरलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला नेमकी त्याच सुमारास ओहोटी लागलेली असते आणि वरून, ठाणे-ऐरोलीकडून, शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणी खाली येतं. ऑक्सिजनचा आकडा उतरला तो रात्रीमुळे की सांडपाण्यामुळे, हे एका मुक्कामात कळत नाही. अष्टमीला पहाटे भरती असते, तेव्हा दोन्ही वेगळं करता येतं.

आम्ही वाशीच्या पुलाच्या दक्षिणेला नांगर टाकतो. पुलाच्या वर, ऐरोलीच्या पुलापर्यंत पश्चिम किनाऱ्याला २०१५ साली जाहीर झालेलं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे काम करायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. जागा तांडेलाला ठरवू द्या. त्याने नकार दिला तर वाद घालू नका. उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दोर भरतीच्या खोलीच्या हिशेबाने चार-पाच पट सोडायचा आणि ओहोटीला बोट चिखलात बसणार नाही एवढं पाणी खाली हवं.

प्लवकांची जाळी ओढायला इंजिन लागत नाही. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, जशी जागेवर बांधलेली असते आणि पाणीच जवळा-बोंबील आत आणून टाकतं, तशीच जाळी मागच्या बाजूने सोडा. तोंडाला फ्लोमीटर लावा, नाहीतर किती पाणी गाळलं याचा पत्ता लागणार नाही. पाणी थांबतं त्या वेळी मात्र जाळी लोंबकळते, तेव्हा ती हाताने तळापासून सरळ वर ओढा आणि तसं वहीत लिहा. नमुना टिकावा म्हणून त्यात ५ टक्के फॉर्मेलिन. त्याची पेटी जेवणाच्या सामानापासून दूर, झाकण घट्ट.

ऑक्सिजनची बाटली सगळ्यात आधी भरा. नळी तळाला टेकवून पाणी वाहू द्या, एकही बुडबुडा नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथेच, बोटीवरच घाला, बूच लावून उलटसुलट करा. गाळ तपकिरी झाला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

जेवणाला भाकरी, सुकटीची चटणी, केळी. पाणी माणशी चार लिटर. शौचासाठी बादली आणि पडदा लागतो, हे मुलींना आणि मुलांना आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे कुणी पाणी पिणं टाळणार नाही. जानेवारीतही रात्री दवाने चादरी भिजतात, वर ताडपत्री हवी. दोघादोघांनी तीन तासांची पाळी करा. कठड्याशी एकट्याने जायचं नाही, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तर नाहीच.

आणि पाळी मोडू नका. एमेस्सीच्या वर्षी माझी पहाटे चारची वेळ झोपेत गेली. मी दोनची आणि सहाची सरासरी काढून तो रकाना भरला. ज्या आकड्यासाठी अख्खी रात्र काढली होती, तोच मी खोटा लिहिला. नंतर मार्गदर्शकांना सांगून तो खोडला, पण ती पहाट काही परत आली नाही. वेळ चुकली तर रकाना रिकामा सोडा आणि शेजारी लिहा, ‘झोप लागली’.

परत जेट्टीला लागलात की आधी बाटल्या उतरवा, काळ्या कापडात गुंडाळून. ऑक्सिजन मोजायचं टायट्रेशन त्याच दिवशी करायचं आहे, अंघोळ नंतर.