लिनक्ससाठी मॉनिटर घेताय? आधी ग्राफिक्स कार्ड बघा, मग पॅनल

मॉनिटरच्या खोक्यावर विंडोजचं नाव असतं, कधीकधी मॅकचंही असतं, लिनक्सचं मात्र कुठेच नसतं. मग माणूस दहा ठिकाणी विचारत फिरतो की हा माझ्या उबंटूवर चालेल ना, फेडोरावर चालेल ना. चालेल. मॉनिटरला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबल जोडली की मॉनिटर स्वतःबद्दलची थोडीशी माहिती कॉम्प्युटरला पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो आणि त्यात कंपनी, मॉडेल, कुठलं रेझोल्यूशन किती हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलून) जमतं वगैरे सगळं लिहिलेलं असतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते वाचतो आणि स्क्रीन चालू होते. पूर्वी कॉन्फिग फाइलमध्ये सिंकचे आकडे हाताने टाकावे लागायचे आणि चुकीचा आकडा टाकला तर मॉनिटर जळेल अशी धास्ती असायची, ते सगळं कधीच मागे पडलंय.

पण चित्र दिसणं वेगळं आणि रोज आठ तास डोळ्यांना त्रास न होता दिसणं वेगळं. लिनक्सवर खरी अडचण येते ती पोर्टमध्ये आणि अक्षरांच्या आकारात, म्हणून पॅनल, म्हणजे आतला पडदा, कुठल्या प्रकारचं हे मी सगळ्यात शेवटी बघायला सांगेन.

पायरी १: आपल्या मशीनमध्ये काय आहे ते लिहून काढा

ग्राफिक्स एएमडीचं आहे, इंटेलचं की एनव्हिडियाचं, मागे कुठले पोर्ट आहेत, आणि आपलं डेस्कटॉप सेशन वेलँडवर चालतंय की एक्स११ वर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या या दोन पद्धती, एक्स११ जुनी आणि वेलँड नवी), एवढं कागदावर घ्या. कार्डाचं नाव टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही कमांड दिली की कळतं, आणि सेशनचं नाव सेटिंग्जमध्ये सिस्टीमची माहिती असते त्या पानावर दिसतं. हे सेशनचं लोक विसरतात आणि नंतर त्यावरच सगळं अडतं. ग्नोम या लोकप्रिय डेस्कटॉपने ४९ व्या आवृत्तीत एक्स११ सेशन डीफॉल्टने बंदच केलं, म्हणजे नवा मॉनिटर पुढची काही वर्षं वापरायचा असेल तर वेलँड धरूनच विचार करा.

पायरी २: केबल आणि पोर्ट, इथे घाई नको

माझं सरळ मत आहे, जमेल तिथे एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट घ्या. कारण ऐका. एएमडीला आपल्या ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ चा सपोर्ट टाकायचा होता, पण एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये त्याला नकार दिला, कारण ते स्पेसिफिकेशन उघडं करायला फोरम तयार नव्हता. परिणाम असा की मॉनिटरवर २.१ लिहिलंय, कार्डावर २.१ लिहिलंय, केबलसुद्धा महागातली आणलीय, आणि लिनक्सवर एएमडी कार्ड २.० च्या वेगावरच बोलतंय. २.० म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, त्यात ४के ६० हर्ट्झला व्यवस्थित बसतं, १२० हर्ट्झ हवं असेल तर रंगाची माहिती कापून पाठवावी लागते आणि मग रंगीत बारीक अक्षरांच्या कडा घाण दिसतात. गेम लांबून खेळणाऱ्याला कदाचित कळणारही नाही, कोड लिहिणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरला ही अडचण नाही.

डिस्प्लेपोर्टचं गणित सोपं आहे. १.२ असेल तर ४के ६० हर्ट्झ, १.४ असेल तर ४के १२० पर्यंत, आणि ४के १४४ हवं असेल तर त्यावर डीएससी नावाचं कॉम्प्रेशन लागतं जे कार्ड आणि मॉनिटर दोघांनाही यायला हवं. जुना एचडीएमआय १.४ असलेला लॅपटॉप असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळेल, माउसचा बाणसुद्धा अडखळत चालतो, अशा मशीनला ४के मॉनिटर एचडीएमआयने जोडायच्या भानगडीत पडू नका.

यूएसबी-सी वाला मॉनिटर फार सोयीचा, एका वायरमध्ये चित्रही आणि चार्जिंगही, पण लॅपटॉपच्या त्या पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल निघतो का हे आधी बघा, सगळ्याच यूएसबी-सी पोर्टमधून निघत नाही. अजून एक गोष्ट जी विक्रेते सांगत नाहीत: ४के ६० हर्ट्झचं चित्र पाठवताना पुष्कळदा केबलमधल्या वेगवान डेटाच्या चारही वाटा (लेन) चित्रालाच लागतात आणि मॉनिटरच्या मागचे यूएसबी पोर्ट २.० च्या वेगावर येतात. कीबोर्ड माउसला चालतं, बाहेरची हार्ड डिस्क लावणार असाल तर वैतागाल.

आणि डॉक (एका वायरने लॅपटॉपला बरेच पोर्ट देणारी डबी) घेताना डिस्प्लेलिंक हे नाव दिसलं तर थांबा. ते चित्र यूएसबीवरून डेटासारखं पाठवतं, त्याला लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर आणि कर्नल मोड्यूल लागतं आणि कर्नल अपडेट झाला की ते मोड्यूल परत नीट बांधलं जाईल का याची काळजी तुमच्या डोक्यावर. शक्य असेल तर टाळाच.

पायरी ३: इंच आणि पिक्सेल यांचं प्रमाण काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा. एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर ठरतं की अक्षरं आहेत त्या आकारात वाचता येतील की मोठी करावी लागतील. २४ इंच १०८०पी म्हणजे साधारण ९२, २७ इंच १४४०पी म्हणजे १०९, ३२ इंच ४के म्हणजे १३८, २७ इंच ४के म्हणजे १६३ आणि २४ इंच ४के म्हणजे १८४ च्या आसपास.

आता यातले ९० ते ११० वाले १०० टक्क्यांवर जसेच्या तसे वापरता येतात, कुठलाही डेस्कटॉप असो, एक्स११ असो, जुनं प्रोग्रॅम असो, काही करावंच लागत नाही. १८० च्या पुढचे सरळ २०० टक्क्यांवर टाकायचे, तेही स्वच्छ दिसतं कारण एकाचे बरोबर दोन पिक्सेल होतात. घोळ मधल्यांचा आहे. २७ इंच ४के ला १०० टक्क्यांवर मुंग्या दिसतात आणि २०० टक्क्यांवर सगळं इतकं मोठं की स्क्रीनवर जागाच उरत नाही, म्हणून १५० लागतं, आणि हे दीडपट प्रकरण लिनक्सवर बराच काळ दुखणं होतं. आता वेलँडवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप ते चांगलं सांभाळतो, ग्नोमही बराच सुधारलाय, पण एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ चे प्रोग्रॅम चालवायची सोय) चालणारे जुने प्रोग्रॅम काही ठिकाणी धूसर दिसतातच. एक्स११ वर राहणार असाल तर हा आकार घेऊच नका असं मी म्हणेन.

लॅपटॉपला जोडणार असाल तर अजून एक हिशेब. लॅपटॉपची स्क्रीन २०० टक्क्यांवर आणि बाहेरची १०० वर, असं प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केल वेलँडवर देता येतं. एक्स११ वर सगळ्या स्क्रीन मिळून एकच आकार, मग एका बाजूला खिडकी अवाढव्य आणि दुसरीकडे नेली की इवलीशी. एक्सरँडर (xrandr) या कमांडने जुगाड होतो पण तो जुगाडच.

फार खोलात जायचं नसेल तर २७ इंच १४४०पी घ्या आणि मोकळे व्हा. ५के मॉनिटर जुना मिळत असेल तर तो एकाच केबलवर आणि एकाच स्ट्रीमवर चालतो का तेवढं विचारा, सुरुवातीचे बरेच ५के आतून दोन तुकड्यांत चित्र घ्यायचे.

पायरी ४: जाहिरातीतल्या गोष्टींपैकी लिनक्सवर काय चालतं

फ्रीसिंक, म्हणजे कार्डाच्या वेगाप्रमाणे मॉनिटरचे हर्ट्झ बदलत राहणं, चालतं. एएमडीसाठी ते कर्नल ५.० पासून म्हणजे २०१९ पासून आहे, मात्र एक्स११ वर दोन मॉनिटर लावले की त्याची गडबड होते, वेलँडवर ठीक. जी-सिंक या एनव्हिडियाच्या तशाच सोयीचं खास हार्डवेअर आत असलेला मॉनिटर असेल तर एनव्हिडिया नसताना त्याचे जास्तीचे पैसे वाया, कारण तो मोड्यूल एनव्हिडियासाठीच बनवलेला.

एचडीआर, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवायची सोय, एक्स११ वर विसरा. वेलँडवर केडीई प्लाझ्मा ६ मध्ये २०२४ ला सुरू झालं, ग्नोममध्ये ४८ व्या आवृत्तीत म्हणजे २०२५ ला. पण डिस्प्लेएचडीआर ४०० असं लेबल बघून मॉनिटर घेऊ नका, एवढ्या ब्राइटनेसमध्ये लिनक्स काय नि विंडोज काय, फरक जेमतेम दिसतो.

कंपनीचं सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर जवळजवळ नेहमी विंडोजपुरतंच असतं, फर्मवेअर अपडेटचंही बऱ्याचदा तसंच, आणि ज्या थोड्या मॉडेलना लिनक्सच्या एफडब्ल्यूअपडी (fwupd) या फर्मवेअर टूलमधून अपडेट मिळतं ती शोधून घेतलीत तर चांगलंच. ब्राइटनेससाठी मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरज नाही, डीडीसीयूटिल (ddcutil) नावाचं टूल टाकलं की केबलवरूनच मॉनिटरला ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, इनपुट बदलायचे आदेश देता येतात, केडीईमध्ये तर सरळ स्लायडर येतो. मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय नावाचा पर्याय चालू असायला हवा, तो काही मॉडेलमध्ये बंद करून पाठवतात. एकावरून दुसरा मॉनिटर जोडायची डेझी चेनसुद्धा लिनक्सवर चालते, मॅकवर ती अजून नीट नाही, हे आपलं उगाच सांगून ठेवतो.

पायरी ५: आता पॅनल

दिवसभर वाचायचं लिहायचं असेल तर आयपीएस, अंधारात सिनेमे जास्त बघणार असाल तर व्हीए, त्याचा काळा रंग गडद असतो पण काळ्या टर्मिनलमध्ये वेगाने स्क्रोल केलं की अक्षरांमागे डाग ओढल्यासारखे दिसू शकतात. ओएलईडीचं चित्र देखणं, फक्त त्याच्या सबपिक्सेलची, म्हणजे एका पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची, मांडणी नेहमीच्या लाल हिरवा निळा अशी ओळीत नसते, त्यामुळे अक्षरांच्या कडेला रंगीत झाक येते. फाँट सेटिंगमध्ये सबपिक्सेलऐवजी ग्रेस्केल स्मूदिंग निवडलं की ती बरीच जाते. डेस्कटॉपची वरची पट्टी एकाच जागी दिवसेंदिवस राहते, तिचा डाग पडू नये म्हणून तीही ओएलईडीवर आपोआप लपेल अशी ठेवा.

पायरी ६: घरी आणल्यावर लगेच तपासा

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा, आळस नको. पूर्ण हर्ट्झ मिळतायत का ते डिस्प्ले सेटिंगमध्ये बघा, बऱ्याचदा ते गुपचूप ६० वरच बसलेलं असतं. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे रंग फुलस्क्रीन लावून मेलेला पिक्सेल शोधा. मशीन झोपवा आणि उठवा, दोनतीनदा, कारण काही मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर बंद केले की प्लग काढल्यासारखं वागतात आणि उठल्यावर सगळ्या खिडक्या दुसऱ्याच स्क्रीनवर गेलेल्या असतात. एचडीएमआयवर काळा रंग राखाडी दिसत असेल तर कार्डाने मॉनिटरला टीव्ही समजून रंगांची मर्यादित रेंज पाठवलीय, ती सेटिंगमध्ये फुल करा.

कधीतरी असंही होतं की मॉनिटर चांगला असतो पण तो पाठवतो ती ईडीआयडीच चुकीची असते, किंवा मधला केव्हीएम स्विच (एकाच मॉनिटर-कीबोर्डवर दोन कॉम्प्युटर चालवायचा) ती खाऊन टाकतो, आणि मग योग्य रेझोल्यूशन यादीत येतच नाही. आधी स्विच काढून थेट जोडून बघा, मग केबल बदला. तरीही नाही आलं तर कर्नलला बूटच्या वेळी दुसरी ईडीआयडी फाइल देता येते, पण नव्या मॉनिटरसाठी एवढी झटापट करण्यात अर्थ नाही, तो सरळ परत द्या आणि दुसरं मॉडेल घ्या.