कॉलेज बदलताना एकच निबंध सगळीकडे पाठवू नका

सोलापुरात पहिलं-दुसरं वर्ष करून अमेरिकेतल्या कॉलेजात ट्रान्सफर घ्यायची असेल, तर बारावीनंतर प्रवेश अर्जासाठी लिहिलेला निबंध बाजूला ठेवा. आता दोन गोष्टी सांगाव्या लागतात: कॉलेज का बदलताय आणि 'इथेच का', म्हणजे हेच नवं कॉलेज का.

'इथेच का' हा भाग प्रत्येक कॉलेजसाठी नव्याने लिहा. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं रंगाचं सांडपाणी पाहून तुम्हाला रसायनशास्त्राची ओढ लागली. हा अनुभव सगळीकडे राहू द्या. पण जिथे जलशुद्धीकरणावर संशोधन चालतं तिथे पाण्यावर भर द्या आणि विभागाच्या वेबसाइटवर पाहून नेमका विषय नावानिशी लिहा. जिथे वस्त्ररसायन शिकवतात तिथे टॉवेलचा धागा आणि रंग पुढे आणा. कॉलेजचं नाव खोडून दुसरं टाकलं तरी परिच्छेद जसाच्या तसा चालत असेल, तर तो पुन्हा लिहा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं मात्र उलट आहे. तिथे अर्जातल्या प्रश्नांची चार उत्तरं, प्रत्येकी कमाल ३५० शब्दांची, निवडलेल्या सगळ्या कॅम्पसना तीच जातात. त्यात एकाच कॅम्पसचं कौतुक करू नका.

सध्याच्या कॉलेजची उणीदुणी काढणं तर टाळाच. "इथे काहीच वाव नाही" याऐवजी "मला हवा तो विषय इथल्या तिसऱ्या वर्षात नाही" असं लिहा, आणि इथल्या प्राध्यापकांकडून जे मिळालं ते मोकळेपणाने सांगा. शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच घ्यायचं आहे. त्यांना निबंधाचा मसुदा आधी वाचायला द्या.